हत्याराचें मोल

आम्हां मध्यम स्थितींतील सुशिक्षित मंडळींस कापडाचा पोत बोटांनीं चाचपून समजतो, तांदूळ जुना कीं नवा हें दाण्याकडे पाहून सांगतां येतें, आणि पुस्तकाच्या बांधणीवरून प्रकाशकाची दानत ओळखल्याचा अभिमानहि आम्ही बाळगतों. परंतु ज्या हत्यारांवर आमच्या घरांतील नळ, पंखे, सायकली व मोटारी ह्यांचें आरोग्य अवलंबून असतें, त्यांची पारख करण्याची वेळ आली म्हणजे आमचें सारें शहाणपण दुकानाच्या पायरीशींच थांबतें. दुकानदार एकाच मापाचे दोन पाने पुढें ठेवतो. दोन्ही सारखेच चकचकीत. एकाची किंमत मात्र दुसऱ्याच्या आठपट. आपण स्वस्त पाना उचलतों आणि आपण फसलों नाहीं अशा समाधानानें घरीं येतों. महाग पाना घेणारा मनुष्य एक तर हौशी, नाहीं तर वेडा, असें आपण मनांत ठरवून टाकलेलें असतें. हा ग्रह कितपत बरोबर आहे ह्याचा विचार करण्याची पाळी गेल्या पावसाळ्यांत आमच्यावर आली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशीं एक वृद्ध गृहस्थ राहतात. तरुणपणीं ते मुंबईच्या गिरणगांवांत एका कापडाच्या गिरणींत फिटर होते. त्यांचा मुलगा मोटारी दुरुस्त करण्याच्या एका गॅरेजांत काम करतो. ह्या मुलानें परदेशी बनावटीचा गोटी-पान्यांचा एक संच हप्त्यांनीं विकत घेतला. त्याची किंमत मुलाच्या तीन महिन्यांच्या मिळकतीएवढी होती. बापलेकांत दोन दिवस अबोला राहिला आणि तिसऱ्या दिवशीं दोघेहि आमच्या दारीं आले.

“सर, तुम्ही इतिहास शिकवतां, तुम्हीच सांगा,” वडील म्हणाले, “नट काय पान्यावरचें नांव वाचतो? पाना तो पाना. शेवटीं सगळे वजनावरच जातात.”

“बाबा, नट नांव वाचत नाहीं, पण तोंड ओळखतो,” मुलगा म्हणाला. “स्वस्तांतला पाना घसरला कीं नटाचे कोपरे जातात. मग गिऱ्हाईक माझ्याकडे बघतें, पान्याकडे बघत नाहीं.”

वास्तविक हा न्याय करण्याचा आम्हांस कांहींच अधिकार नव्हता. आमच्या घरच्या खणांत एक गंजलेली पक्कड, मूठ निखळलेला पेचकस आणि फुटपाथवर घेतलेला एक पाना, एवढाच आमचा शस्त्रसंभार! त्या पान्यानें आम्हीं एकदां सायकलच्या मागल्या चाकाचा नट सैल करावयास घेतला. नट तसाच राहिला. त्याचे सहा कोपरे मात्र गोल झाले, आणि आमच्या बोटांची सालटीं निघालीं तीं निराळींच. तो दोष आम्हीं आपल्या अडाणीपणाचा समजलों होतों. तथापि, “पाना तो पाना” हें वाक्य खरें कीं खोटें, ह्याचें उत्तर इतिहासांतच शोधलें पाहिजे असें आम्हांस वाटलें; कारण ह्या साध्या वस्तूला इतिहास आहे, आणि तो फार जुनाहि नाहीं.

आज आपण बाजारांत जाऊन अमुक मापाचा नट मागतों आणि तो त्या मापाच्या कोणत्याहि बोल्टावर बसेल हें गृहीत धरतों. दोनशें वर्षांपूर्वीं असें गृहीत धरतां येत नसे. प्रत्येक कारखान्यांतील बोल्टाचे आटे निराळे, त्यांचा उतार निराळा, नटाचा आकारहि निराळा. ज्या बोल्टासाठीं जो नट केला असेल तो त्यालाच बसावयाचा. म्हणून यंत्र खोलतांना कोणता नट कोणत्या बोल्टाचा ह्याच्या खुणा करून ठेवाव्या लागत. लंडनच्या हेन्री मॉड्स्लेनें १८०० च्या सुमारास आटे कापण्याचें जें लेथ-यंत्र सिद्ध केलें, त्यानें एका कारखान्यापुरती ही अडचण दूर केली. त्याच्याच हाताखालीं काम शिकलेल्या जोसेफ व्हिटवर्थनें पुढें मँचेस्टरांत स्वतःचा कारखाना काढला, निरनिराळ्या कारखान्यांतील स्क्रूंचे नमुने गोळा केले, आणि १८४१ सालीं स्थापत्यविशारदांच्या संस्थेपुढें एक निबंध वाचून अशी सूचना केली कीं, सर्व आट्यांचा कोन ५५ अंशांचा असावा व अमुक जाडीच्या बोल्टास एका इंचांत अमुकच आटे असावे. रेल्वे-कंपन्यांनीं ही पद्धत उचलली आणि हळू हळू ती ब्रिटिश साम्राज्यभर पसरली.

ह्या सुधारणेचा एक परिणाम सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. नट एकजात झाल्यावरच पाना ही बाजारांत विकण्याची वस्तु झाली. तोंवर तो बहुधा त्या त्या यंत्रापुरता घडवून घेतलेला लोखंडाचा तुकडा होता. आतां मँचेस्टरांत केलेला पाना मुंबईच्या गिरणींतील नटास बसूं लागला. आणि जेथें एकाच मापाचा माल दहा ठिकाणीं होऊं लागतो, तेथें स्वस्त-महाग हा प्रश्न आपोआपच उत्पन्न होतो. म्हणजे आमच्या दारीं आलेल्या ह्या तंट्याचें बीज १८४१ सालांतच पेरलें गेलें होतें!

आतां स्वस्त मालाची कथा पाहूं. उत्तम हत्यार म्हटलें कीं आजचा कारागीर जर्मनीचें नांव घेतो. परंतु १८७६ सालीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें जें मोठें जागतिक प्रदर्शन भरलें, त्यासाठीं जर्मनीकडून गेलेल्या फ्रान्झ रॉयलो ह्या यंत्रशास्त्राच्या अध्यापकानें आपल्याच देशाच्या मालाविषयीं घरीं लिहून कळविलें तें असें कीं, हा माल स्वस्त आणि वाईट आहे. जर्मनींत ह्या दोन शब्दांनीं केवढा गहजब माजला! इकडे इंग्लंडांतील शेफील्डचे चाकू-कात्र्यांचे कारखानदार तक्रार करीत होते कीं, जर्मनीच्या झोलिंगेन गांवचे व्यापारी आपल्या हलक्या मालावर शेफील्डचें नांव ठोकून तो विकतात. अखेर १८८७ सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें कायदा केला कीं, परदेशी मालावर फसवें नांव असतां कामा नये. तो कोठें झाला हें त्यावर स्पष्ट असलें पाहिजे. ‘जर्मनींत तयार केलेलें’ हा छाप जन्मास आला तो असा. गिऱ्हाइकास सावध करण्यासाठीं, जवळ जवळ कलंक म्हणून!

पुढें काय झालें तें सर्वश्रुत आहे. झोलिंगेनच्या शेजारीं रेमशाइड म्हणून गांव आहे. तेथील ओढ्यांवर पाण्याच्या चाकांनीं चालणारे घण पिढ्यान्‌पिढ्या पोलाद ठोकीत आले होते. त्या गांवांत व आसपास १८६२ सालीं स्टालविले, १८६८ सालीं हाझेट, १९१९ सालीं गेडोरे असे हत्यारांचे कारखाने निघाले. आणि आज ज्यांची किंमत ऐकून आपण दचकतों तीं नांवें हींच होत. रॉयलोच्या टीकेचा राग जर्मनांस आला खरा. परंतु ती खोटी ठरविण्याचा मार्ग त्यांनीं वर्तमानपत्रांतून न शोधतां भट्टींतून शोधला. १८९६ सालीं अर्नेस्ट विल्यम्स ह्या इंग्रज लेखकानें त्याच छापाचें नांव देऊन एक पुस्तक लिहिलें, तें जर्मन माल वाईट म्हणून नव्हे, तर तो इंग्लंडच्या व्यापारास भारी पडूं लागला म्हणून! कलंकाचा वीस वर्षांत दागिना झाला. जपान व तैवान ह्यांच्या हत्यारांचीहि कथा पुढल्या शतकांत थोड्याबहुत फरकानें हीच झाली. ह्यावरून एक गोष्ट सिद्ध होते: उत्तमपणा हा कोणत्याहि देशाच्या रक्तांत नसतो, आणि हलकेपणाहि नसतो. छाप पाहून भुलणारा व छाप पाहून नाक मुरडणारा हे दोघेहि इतिहास न वाचलेलेच.

ह्याच सुमारास स्वीडन देशांत एंचपिंग नांवाच्या गांवीं योहान पेत्तर योहान्सन हा कारागीर शेतकऱ्यांचीं व गिरण्यांचीं यंत्रें दुरुस्त करीत हिंडत असे. नटांचीं मापें कारखान्यागणिक निराळीं, आणि स्वीडनसारख्या देशांत तर अनेक देशांचीं यंत्रें आलेलीं. म्हणून पान्यांचें ओझें पाठीवर वाहून तो जेरीस येई. त्यानें १८९२ सालीं एका पान्याचें पेटंट घेतलें. त्याचें तोंड मळसूत्राच्या चाकानें लहानमोठें होत असे. असे सरकते पाने इंग्लंड-अमेरिकेंत त्यापूर्वींहि झाले होते. परंतु योहान्सनच्या पान्याचा घाट इतका सुटसुटीत होता कीं आज सरकता पाना म्हणून जो आपल्या डोळ्यांपुढें येतो तो त्याचाच वंशज होय. हा पाना ज्या व्यापाऱ्यानें जगभर नेला त्याच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून ‘बाहको’ हें नांव निघालें. महाराष्ट्रीय वाचकांस सांगण्यासारखी गोष्ट ही कीं, नाशिक येथील टपारिया कंपनीनें १९६० नंतरच्या दशकांत हत्यारें करावयास आरंभ केला तो स्वीडनच्याच एका कंपनीच्या तांत्रिक साहाय्यानें. आज आपल्या बहुतेक वायरमनांच्या पिशवींत जी पक्कड सांपडते, तिची विद्या अशी उत्तर युरोपांतून गोदातीरीं आलेली आहे.

योहान्सनची युक्ति ‘सर्व नटांस एक पाना’ ही होती. अमेरिकेंत ह्याच्या उलट युक्ति निघाली. हेन्री फोर्डची ‘मॉडेल टी’ मोटार १९०८ सालीं बाजारांत आली, आणि थोड्याच वर्षांत गांवोगांव दुरुस्तीचीं दुकानें उभीं राहिलीं. मोटारीचे नट अडचणीच्या जागीं असतात. तेथें सरकत्या पान्याचें जाड तोंड शिरत नाहीं, आणि शिरलें तरी सैल बसतें. प्रत्येक नटास त्याच्याच मापाची गोटी पाहिजे. पण तेव्हांच्या पद्धतीप्रमाणें प्रत्येक गोटीला तिची स्वतंत्र दांडी जोडलेली असे. १९२० सालीं मिलवॉकी शहरांत जोसेफ जॉन्सन ह्या तरुणानें दांड्या निराळ्या व गोट्या निराळ्या करून त्या हव्या तशा एकमेकींस जोडण्याची कल्पना काढली. पांच दांड्या व दहा गोट्या, म्हणजे पन्नास पान्यांचें काम. ज्या कारखान्यांत तो नोकरीस होता तेथल्या वरिष्ठांस ही कल्पना पसंत पडली नाहीं. तेव्हां विल्यम सायडमन ह्या सोबत्यासह त्यानें नमुन्याचा संच केला, दोन विक्रेत्यांच्या हातीं दिला, आणि पांचशेंहून अधिक संचांची मागणी घेऊन ते परत आले. आज जगांतील अत्यंत महाग हत्यारांत जिची गणना होते ती ‘स्नॅप-ऑन’ कंपनी ही अशी निघाली.

ह्या कंपनीच्या इतिहासांतील गोट्यांपेक्षांहि महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिची विक्रीची रीत. अमेरिकन गॅरेजांत बहुधा असा रिवाज आहे कीं मालकानें जागा व मोठीं यंत्रें पुरवावीं आणि कारागिरानें आपलीं हातचीं हत्यारें स्वतः विकत घ्यावीं. म्हणून कंपनीनें दुकान मांडून गिऱ्हाइकाची वाट पाहिली नाहीं. तिचा विक्रेता मोटारगाडींत हत्यारें भरून दर आठवड्यास गॅरेजच्या दाराशीं येऊं लागला. तुटलेलें हत्यार त्यानें तेथल्या तेथें बदलून द्यावें, नवें दाखवावें, आणि पैसे हप्त्याहप्त्यानें गोळा करावे. कारागिराचा वेळ वांचला, काम अडलें नाहीं, ही ह्या रीतीची उजवी बाजू. डावी बाजू अशी कीं कर्जहि दर आठवड्यास दाराशीं येऊं लागलें. विशींतील उमेदवार पहिल्या वर्षींच आपल्या वेतनाचा मोठा भाग चकचकीत पेटीच्या हप्त्यांत घालवून बसतो, अशी तक्रार त्या देशांतील जुने कारागीर अजूनहि करितात. ही हकीकत वाचतांना आम्हांस आमच्या दारीं आलेल्या वृद्ध गृहस्थांची मुद्रा आठवली.

दुसरी रीत ‘सीअर्स, रोबक’ ह्या प्रचंड दुकानदारांनीं काढली. त्यांनीं १९२७ सालीं ‘क्राफ्ट्समन’ हें नांव घेतलें. कारखाना त्यांचा स्वतःचा नव्हता; दुसऱ्यांकडून हत्यारें करवून त्यांवर ते आपलें नांव घालीत. किंमत मध्यम, आणि हमी मात्र अमर्याद: पाना केव्हांहि तुटो, पावती नसो, दुकानांत आणून द्या आणि नवा घेऊन जा. अमेरिकेच्या दोन-तीन पिढ्या ह्या हमीवर वाढल्या. बापाचा तुटलेला पाना मुलगा बदलून आणी. परंतु पुढें दुकानाची कळा गेली. बरींचशीं हत्यारें आशियांतील कारखान्यांतून येऊं लागलीं. २०१७ सालीं सीअर्सनें हें नांवच ‘स्टॅनली ब्लॅक अँड डेकर’ कंपनीस विकून टाकलें, आणि २०१८ सालीं स्वतः दिवाळखोरीचा अर्ज केला. नव्या मालकानें हमी पुढें चालविली. हीं हत्यारें पुनः अमेरिकेंत करण्यासाठीं टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथें कारखाना काढण्याचें २०१९ सालीं जाहीरहि केलें. पण तो कारखाना बंद करण्याचा निर्णय २०२३ सालीं घ्यावा लागला. ‘आजन्म हमी’ ह्या शब्दांतील जन्म कोणाचा, हत्याराचा, घेणाऱ्याचा कीं देणाऱ्याचा, हा प्रश्न येथें सहजच मनांत येतो.

इतका वेळ आपण नांवाविषयीं बोललों. आतां खुद्द पोलादाकडे वळूं. चांगला पाना ओतीव नसतो, तर लाल तापविलेलें पोलाद साच्यांत घणानें ठोकून तो घडवितात. पोलादांत क्रोमियम व व्हॅनेडियम ह्या धातूंचें थोडेंसें मिश्रण केलें म्हणजे त्याचा चिवटपणा वाढतो. परंतु खरी कसोटी पुढेंच आहे. आपल्या लोहारांच्या भाषेंत जिला ‘पाणी देणें’ म्हणतात ती ही क्रिया. तापलेलें पोलाद एकदम थंड केलें कीं तें कठीण होतें, पण कांचेसारखें ठिसूळहि होतें. म्हणून तें पुनः बेताचें तापवून त्याचा ठिसूळपणा काढावा लागतो. पाणी अधिक झालें तर पाना कडकन्‌ मोडतो. कमी झालें तर जोर पडतांच त्याचें तोंड फांकतें. शिवाय तोंडाचें माप केसभर सैल असलें तरी नटाच्या सपाट बाजूंऐवजीं कोपऱ्यांवर सारा भार येतो, आणि कोपरे झिजून नट गोल होतो. आमच्या सायकलच्या नटाचें जें झालें तें हेंच होतें, आणि त्यांत दोष केवळ आमच्या अडाणीपणाचा नव्हता!

आतां ह्यांतील मर्म असें कीं, पोलादाचें मिश्रण, दिलेलें पाणी, मापाचा नेमकेपणा, ह्यांपैकीं एकहि गोष्ट दुकानांत डोळ्यांना दिसत नाहीं. वरच्या मुलाम्याखालीं सारे पाने सारखेच साजरे. ती दिसते पहिला हट्टी नट भेटल्यावर. आणि तेव्हां पैसे देऊन झालेले असतात. म्हणून गिऱ्हाईक नांवाकडे पाहतें. नांव म्हणजे दुकानांत न दिसणाऱ्या गुणांबद्दल कोणी तरी दिलेला जामीन. १८८७ च्या कायद्याचा हेतु हाच होता, क्राफ्ट्समनच्या हमीचा हेतु हाच होता, आणि महाग पान्याच्या किंमतींतील मोठा भागहि ह्या जामिनाचाच असतो.

तरीहि ह्या गुणांची एक गंमत आहे. ते फार काळ एकाच्याच मालकीचे राहत नाहींत. स्नॅप-ऑननें १९६० नंतरच्या दशकांत गोटीच्या आंतल्या आकारांत असा फेरफार केला कीं, जोर नटाच्या नेमक्या कोपऱ्यावर न येतां कोपऱ्यापासून किंचित्‌ दूर, सपाट बाजूवर यावा. झिजलेले नटहि त्यामुळें पकडले जाऊं लागले. पेटंट होतें तोंवर ह्या युक्तीची किंमत मोजावी लागे. मुदत संपतांच इतर कारखान्यांनीं ती उचलली, आणि आज मध्यम किंमतीच्या गोट्यांतहि तोच आकार सांपडतो. आपल्याकडे जालंदर, लुधियाना, नागौर येथें हत्यारांचे मोठे धंदे आहेत. तेथील कित्येक कारखान्यांचा माल परदेशीं जाऊन तेथल्या व्यापाऱ्यांच्या नांवानें विकला जातो. सारांश, वाईट पाना आणि चांगला पाना ह्यांतील अंतर आजहि जमीन-अस्मानाचें आहे, पण त्यांच्या किंमतींत अंतर थोडें आहे. उलट, चांगला आणि सर्वोत्तम ह्यांतील अंतर बोटभर, आणि किंमतींतील अंतर मात्र कोसभर!

एवढा अभ्यास करून आम्हीं त्या उभयतांस पुनः बोलाविलें. मुलगा कामावरून यावयाचा होता. वडील आधीं आले. “शेवटीं सगळे वजनावर जातात,” हें तुम्ही कां म्हणालां, असें आम्हीं त्यांस विचारलें. तेव्हां त्यांनीं जें सांगितलें तें कोणत्याहि ग्रंथांत आम्हांस मिळालें नसतें.

ते ज्या गिरणींत होते तेथलीं यंत्रें लँकेशायरचीं, म्हणून सारे नट व्हिटवर्थच्या मापाचे. त्या मापाच्या पान्यावर छाप असतो तो बोल्टाच्या जाडीचा. तोंड त्याहून रुंद असतें. हें नवख्यास कळावयालाच महिना लागे. गिरणीचीं हत्यारें गिरणींतच राहत. परंतु रविवारीं बाहेरचीं कामें करतां यावीं म्हणून ह्यांनीं चोरबाजारांतून एकेक करून विलायती पाने जमविले होते. चार वर्षांत अकरा. मग १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार बाहेर पडले. महिन्यामागून महिने गेले. कित्येक गिरण्या पुनः पूर्वीसारख्या चालल्याच नाहींत. आठव्या महिन्यांत घरांत दाणा उरला नाहीं तेव्हां ह्यांनीं ते पाने विकावयास काढले. १९५६ च्या कायद्यानें देशांत मेट्रिक मापें आल्यास पंचवीस वर्षें होऊन गेलीं होतीं. बाहेर नवीं यंत्रें नव्या मापांचीं येत होतीं. इंचाच्या पान्यांस गिऱ्हाईक कोण? भंगारवाल्यानें ते तराजूंत टाकले. “पोलाद एक नंबर होतें, सर,” ते म्हणाले, “पण तराजूला काय समजतें?” अकरांपैकीं एक शेजाऱ्यानें मागून नेला होता, तेवढा वांचला.

आमच्या साऱ्या वाचनांत जी गोष्ट निसटली होती ती अशी हातीं आली. हत्याराचें मोल त्याच्या पोलादांत नाहीं, छापांतहि नाहीं. त्याच्यामागें काम उभें आहे तोंवरच तें आहे. काम गेलें कीं उत्तम पाना आणि मोडका खिळा तराजूच्या एकाच पारड्यांत पडतात. वडिलांचें वाक्य कंजुषीचें नव्हतें. तें अनुभवाचें होतें. आणि मुलाचेंहि खोटें नव्हतें. कारण त्याच्याजवळ आज काम आहे.

मुलगा आल्यावर आम्हीं आमचा निकाल सांगितला तो असा. महाग हत्याराच्या किंमतीचे तीन भाग असतात: पोलाद, जामीन आणि उधारी. पोलादाची किंमत सर्वांनीं द्यावी. आमच्यासारख्या गृहस्थानेंहि फुटपाथचा पाना न घेतां नाशिकचा किंवा जालंदरचा चांगला पाना घ्यावा, म्हणजे बोटांचीं सालटीं वांचतील. जामिनाची किंमत ज्याचें पोट हत्यारावर आहे त्यानेंच द्यावी, आणि तीहि रोजच्या हत्यारांपुरती. कारागीर एखादी गोटी दिवसांतून चाळीस वेळां वापरतो असें धरलें तर वर्षाच्या तीनशें दिवसांत बारा हजार वेळां आणि दहा वर्षांत एक लाख वीस हजार वेळां ती नटावर बसते. त्याला आठपट किंमत जड नाहीं. आमच्या घरीं तीच गोटी वर्षांतून चार वेळां, म्हणजे दहा वर्षांत चाळीस वेळां, उपयोगी पडावयाची. आम्हीं तेवढी किंमत देणें म्हणजे दिवाणखान्यांत तोफ ठेवणें होय. राहिली उधारी. तिची किंमत कोणींहि देऊं नये. उद्यां काम राहील कीं नाहीं हें कोणत्याहि कंपनीच्या हमीपत्रांत लिहिलेलें नसतें. हप्ता मात्र लिहिलेला असतो.

मुलानें थोडा वेळ विचार केला. संच परत करण्याची मुदत अजून संपली नव्हती. त्यानें तो परत केला, आणि त्याच बनावटीची एक दांडी व रोज लागणाऱ्या तीन गोट्या रोख पैशानें घेतल्या. बाकीचा संच देशी. वडिलांस ह्या तीन गोट्याहि जास्तच वाटल्या, हें त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलें. पण ते कांहीं बोलले नाहींत.

दिवाळीनंतर एकदां मुलगा घाईनें घरीं आला. गॅरेजांत कोणा हौशी गृहस्थाची फार जुनी विलायती मोटारसायकल आली होती, आणि तिच्या नटांस ना देशी गोटी बसे ना परदेशी. त्यानें वडिलांपाशीं तो उरलेला अकरावा पाना मागितला. वडिलांनीं तो फडक्यांतून काढला, तोंडावरचा गंज अंगठ्यानें पुसला आणि मुलाच्या हातांत दिला; मात्र “परत आणून दे” असें दोनदां बजावलें.